दीपनगर उद्या बंद होत नाही, भाऊ

जळगाव-धुळ्याच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "नेट झिरो हा गोऱ्यांचा डाव आहे. सगळी सरकारं कधीच एका सुरात चालत नाहीत. सोलरवर शेती होत नाही. दीपनगर बंद पडेल, पोरं घरी बसतील." खाली 'सर्वांना पाठवा' आहेच. नेट झिरो म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा; आणि दीपनगर म्हणजे भुसावळजवळचं कोळशावरचं वीजकेंद्र.

"सरकारं एका सुरात चालत नाहीत." मग ओझोनचा थर पोखरणारे फ्रीजमधले वायू हद्दपार कसे झाले? १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने. गरीब देशांना जादा मुदत, कारखाने बदलायला निधी आणि कराराबाहेर राहणाऱ्यांशी त्या वायूंचा व्यापार बंद. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून जमलं. पुढे जगातल्या झाडून सगळ्या देशांनी तो मान्य केला.

"गोऱ्यांचा डाव." यातला राग रास्त आहे. हवामानबदलाशी लढायला गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, असं श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कबूल केलं. आकडा गाठला २०२२ मध्ये, तोही बराचसा कर्जरूपाने. पण आपण हात झटकून फायदा कुणाचा? पोलाद, सिमेंट, खतं यांच्या आयातीवर युरोपने २०२६ पासून कार्बनचा आकार, म्हणजे माल बनवताना हवेत सोडलेल्या कार्बनवरचं शुल्क, लावलाय. माल बनवणाऱ्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल, तर ती तिथे वजा होते. म्हणजे पैसा आपल्या तिजोरीत ठेवायचा की युरोपच्या, एवढंच आपल्या हातात आहे.

"सोलरवर शेती होत नाही." हे रावेर-यावलला केळीत रात्री पाणी भरणाऱ्याला सांगून बघा. शेतीची वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री. रातपाळी आली की हातात बॅटरी, पायाखाली सापाची भीती, बिबट्याच्या धाकाने कान टवकारलेले, आणि फ्यूज उडाला तर अंधारात डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, पायपीट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे ती यासाठीच : उपकेंद्राजवळ सोलर प्रकल्प, शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज. त्यात केंद्राच्या 'कुसुम' या शेतीसाठीच्या सौर योजनेचं अनुदान, राज्याची जमीन, महावितरणचं उपकेंद्र आणि ग्रामपंचायत, चौघांचं जुळावं लागतं. एक अडलं की सगळं अडलं. गायरान घेताना मेंढपाळांना विचारलं नाही, तर भांडण ठरलेलं. समन्वय म्हणतात तो हा. परदेशातल्या परिषदा नंतर. आणि पावसाळ्यात ऊन कमी पडतं तेव्हा साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांना वारा भरपूर असतो.

"दीपनगर बंद पडेल." तिथे ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिलाय आणि देशाची नेट झिरोची मुदत २०७० ची आहे. जुने संच मात्र टप्प्याटप्प्याने जाणारच. जर्मनीने २०२० मध्ये कोळसा सोडण्याचा कायदा केला, २०३८ ची मुदत घातली आणि कोळसा-पट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत तरतूदही केली. भुसावळच्या कंत्राटी कामगारासाठी किती, आणि कधीपासून? हा प्रश्न आमदार-खासदारांना विचारण्यासारखा आहे, पण त्या मेसेजमध्ये नेमका तोच नाही.