त्या नकाशावरचे ५०० म्हणजे पाऊस नव्हे

डिचोलीच्या मावशीने गेल्या आठवड्यात अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं अर्धी ओलीच गोळा करून डब्यात भरली. कारण काय, तर भजनाच्या ग्रुपवर आलेला रंगीत नकाशा आणि खाली मजकूर: 'गोव्यावर ट्रफ! ५०० मिमी पाऊस! ४८ तासांत चक्रीवादळ! हवामान खातं लपवतंय!' नंतर चार दिवस कडकडीत ऊन. डबा उघडला तर सोलांना बुरशी.

आधी ते ५००. नकाशाच्या कोपऱ्यात '५०० एचपीए' असं लिहिलंय. ते हेक्टोपास्कल, म्हणजेच मिलिबार. हवेचा दाब. त्यात मिलिमीटर कुठून घुसले? समुद्रसपाटीला दाब हजाराच्या आसपास असतो. वर जाता जाता तो ५०० कुठल्या उंचीवर होतो, एवढंच हा नकाशा सांगतो. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघेवरचा ५८८ हा आकडा दहा-दहा मीटरांच्या हिशेबात, म्हणजे ५,८८० मीटर. पणजीहून यंत्र बांधलेला फुगा सोडतात, तो वर जाता जाता हेच मोजतो. पावसाचा थेंबही या नकाशात नाही. निळा रंग पाण्याचा नव्हे, उंची जरा कमी भरली त्या जागेचा. आणि आपल्या अक्षांशावर हा फरक इतका किरकोळ असतो की रंगांची पट्टी बदलली तर निळ्याचं पिवळं होईल. म्हणून जाणकार इथे रेघांपेक्षा वारा कसा वळतोय ते बघतात.

आता ट्रफ, म्हणजे कमी दाबाचा पट्टा. रेघेचं पोट दक्षिणेकडे सुटलेलं दिसलं तर ट्रफ, उत्तरेकडे कमान चढली तर रिज. त्याच नकाशात ते पोट राजस्थानवर आहे हो! गोव्यावरून रेघ जवळजवळ सरळ गेलीय. लाल गोल मात्र कुणीतरी आपल्यावर मारलाय.

चक्रीवादळाचं म्हणाल तर खात्याची वर्गवारी स्पष्ट आहे: वारा गोल फिरणारा असायला हवा आणि त्याचा वेग ताशी किमान ६२ किलोमीटर. ट्रफ हा नुसता लांबट पट्टा.

एक मान्य करतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार होतो, कधी गुजरातपासून केरळपर्यंत, आणि त्याने जोर धरला की आपल्याकडे धो धो कोसळतो. पण तो समुद्रसपाटीच्या दाबाच्या नकाशावर शोधायचा, जवळजवळ सहा किलोमीटर वरच्या नकाशावर नव्हे.

राहिलं 'लपवतंय'. खातं वरच्या हवेचे नकाशे रोज संकेतस्थळावर टाकतं. मावशीला ते पान मोबाइलवर उघडून दिलंय. निम्मी सोलं टाकून दिली, उरलेली आज परत उन्हात आहेत.