नफ्याचा उंबरठा : पायरी की उतार?

इचलकरंजीला यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारी माझ्या धाकट्या भावाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. गेल्या मार्चच्या अखेरीस त्याने तयार, खोक्यात भरलेला माल चार दिवस गोदामातच ठेवला आणि 1 एप्रिलनंतर पाठवला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "दादा, यंदाचा नफा एक कोटीच्या अलीकडेच राहू दे. पलीकडे गेलं की हातात उलट कमीच पडतं." मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ यंत्रांची संकल्पचित्रे करून देणारी छोटी कंपनी चालवतो. त्याचे बोलणे मला आधी अतिशयोक्तीचे वाटले. आकडे मांडून पाहिल्यावर मात्र ते शब्दशः खरे निघाले.

भारतात कंपनीकराची चर्चा बहुतेक वेळा दरापाशी थांबते. सप्टेंबर 2019 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात 22 टक्क्यांचा दर जाहीर केला, तेव्हाही वाद दर किती खाली आला याचाच झाला. काही वजावटी सोडण्याची तयारी असेल तर तो पर्याय सरळ आणि चांगला आहे, कारण त्यात अधिभार, म्हणजे करावर बसणारा जादा कर, सर्वांना सारखाच, 10 टक्के, लागतो. पण नव्या यंत्रांवरचा जादा घसारा (झिजेपोटी मिळणारी वजावट) सोडायला तयार नसलेल्या माझ्या भावासारख्यांनी 25 टक्क्यांची जुनी वाटच धरली. त्या वाटेवर करपात्र नफा एक कोटीच्या वर गेला की करावर 7 टक्के अधिभार बसतो. मर्यादा ओलांडताना एकदम फटका बसू नये म्हणून मार्जिनल रिलीफ नावाची सवलत आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की वाढीव कर वाढीव नफ्यापेक्षा जास्त नसावा. म्हणजे एक कोटीवरचा प्रत्येक रुपया, साधारण एक कोटी दोन लाख एकोणचाळीस हजारांपर्यंत, पूर्णपणे करातच जातो. या सगळ्या करावर 4 टक्के उपकर वेगळा. एक कोटी नफ्यावर उपकरासह कर 26 लाख होतो आणि 74 लाख हाती राहतात. एक कोटी एक लाखावर कर 27 लाख 4 हजार होतो आणि 73 लाख 96 हजार राहतात. लाखभर जास्त कमावून चार हजारांचे नुकसान! उलाढालीच्या 400 कोटींच्या मर्यादेला तर एवढाही आधार नाही. ठरलेल्या मागील वर्षातील उलाढाल त्यापलीकडे गेली की या जुन्या वाटेवर संपूर्ण नफ्यावरचा दर 25 वरून 30 टक्के होतो.

इथे ब्रिटनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. 2015 पासून आठ वर्षे लहानमोठ्या सर्व कंपन्यांना एकच दर होता. 2021 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी दरवाढ जाहीर केली, सप्टेंबर 2022 मध्ये नवे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ती रद्द करण्याचे ठरवले, पुढच्याच महिन्यात तो निर्णय फिरला आणि 1 एप्रिल 2023 पासून वाढ लागू झाली. आता 50,000 पौंडांपर्यंतच्या नफ्यावर 19 टक्के आणि अडीच लाख पौंडांच्या वर सगळ्या नफ्यावर 25 टक्के कर आहे. मधल्या पट्ट्यात आधी 25 टक्क्यांनी कर काढायचा, मग अडीच लाखांतून आपला नफा वजा करून उरलेल्या रकमेचा 3 भागिले 200 हिस्सा सवलत म्हणून त्यातून कमी करायचा. साठ हजार नफा असेल तर 15,000 मधून 2,850 जाऊन कर 12,150 येतो. एक लाख असेल तर 22,750. नफा वाढतो तशी सवलत वितळत जाते आणि अडीच लाखांवर शून्य होते.

या उतारालाही किंमत आहे, आणि ती इथल्या पुष्कळ छोट्या मालकांच्या लक्षात येत नाही. पन्नास हजारांवर कर 9,500 आणि साठ हजारांवर 12,150. म्हणजे मधल्या दहा हजारांवर 2,650. या पट्ट्यातल्या प्रत्येक वाढीव पौंडावर 26.5 टक्के कर पडतो, मोठ्या कंपनीच्या वाढीव पौंडापेक्षाही जास्त. शिवाय 2023 नंतर या मर्यादा महागाईप्रमाणे सरकलेल्या नाहीत, त्यामुळे केवळ भाव वाढल्यानेही लहान कंपन्या उतारावर येत राहतात. हे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या मराठी मंडळींना खास सावध करावेसे वाटते ते संलग्न कंपन्यांच्या नियमाबाबत. एकाच व्यक्तीच्या नियंत्रणाखाली जितक्या कंपन्या, तितक्या वाट्यांत या मर्यादा विभागल्या जातात, आणि दुसरी कंपनी जगात कुठेही असली तरी ती मोजली जाते. माझी पुण्यात चार अभियंत्यांची कंपनी आहे. ती चालू असल्यामुळे इथल्या माझ्या मर्यादा 25,000 आणि सव्वा लाखांवर येतात, आणि त्याच साठ हजारांवर 12,150 ऐवजी 14,025 पौंड भरावे लागतात. पुण्यातली कंपनी पूर्ण निष्क्रिय असती, तर ती मोजली गेली नसती. मालकाने आपला धंदा कागदोपत्री दहा कंपन्यांत वाटून दहा वेळा सवलत घेऊ नये, हा नियमाचा हेतू मला पटतो. पण विवरणपत्रात संलग्न कंपन्यांची संख्या भरताना गावाकडची कंपनी विसरणारे मी पाहिले आहेत.

तरीही भारतातली पायरी आणि ब्रिटनमधला उतार यांतून निवडायचे तर मी उतार निवडीन. वाढीव पौंडातले साडेत्र्याहत्तर पेन्स हाती उरत असतील, तर कोणीही तयार माल गोदामात अडवून ठेवत नाही. भारतात हे करणे अवघडही नाही. 7 टक्क्यांचा अधिभार एक कोटीवर एकदम न लावता एक ते दोन कोटींच्या दरम्यान हळूहळू चढवला, तर त्या पट्ट्यातल्या वाढीव रुपयावर उपकरासह साधारण तीस पैसे कर पडेल. दोन कोटींवरचा कर आज आहे तेवढाच राहील. सरकारला मधल्या पट्ट्यातला थोडा महसूल सोडावा लागेल, हे मान्य. हे गणित मी भावाला फोनवर सांगितले. त्याने ते लिहून घेतले आणि म्हणाला, "तीस पैसे असते, तर तो माल मी मार्चमध्येच पाठवला असता."