चालू इंजिनवर पेट्रोल फवारायला सांगणाऱ्या त्या व्हिडिओबद्दल

रविवारी सकाळी साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, इंजिन गरम केलंय, बाटली भरलीय. आता नेमकं कुठे फवारू?" काचा पुसायच्या फवाऱ्याची बाटली, आत पेट्रोल, आणि हा बॉनेट उघडून चालू गाडीसमोर उभा. आधी त्याला चावी काढायला लावली, बाटली अंगणाच्या पार पलीकडे नेऊन ठेवायला लावली आणि मगच विचारलं की हे कुणी शिकवलं. त्याने व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांत तोच व्हिडिओ आमच्या भावकीच्या ग्रुपवरही येऊन पडला, खाली अंगठे आणि "उपयुक्त माहिती". मी 19 वर्षं गाड्या उघडतोय. हे वाचून गप्प बसवेना.

व्हिडिओचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी आयडलिंगला (रेस न देता उभी चालू असताना) थरथरते, रेस आपोआप वरखाली होते, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांचं) पॅकिंग, म्हणजे सांध्यातलं सील, गेलं आणि तिथून हवा आत शिरतेय. गॅरेजवाले लुटतात, घरीच करा. गरम चालू इंजिनवर पेट्रोल फवारा, जिथे आवाज बदलेल तिथे लीक. पेट्रोल नको तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. जुनं पॅकिंग ग्राइंडरच्या चकतीने घासून काढा, नव्याला दोन्हीकडून सिलिकॉन फासा, बोल्ट अंगातला जोर लावून आवळा. थोडा लीक राहिला तरी बिघडत नाही, जादा हवा मिळून मायलेज वाढतं. पेट्रोल-डिझेल दोन्ही गाड्यांना चालतं.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. लीक असलेल्या जागी जळणारं काही फवारलं की इंजिन ते आत ओढतं आणि आवाज बदलतो. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारून असा लीक शोधणारे जुने मिस्त्री मीही पाहिलेत. तोही जळतोच, आणि मी स्वतः ते कधीच सोडून दिलंय. पण कार्ब क्लीनरची नळी धरून चुटकीभर मारणं वेगळं आणि बाटलीभर पेट्रोलचा फवारा मारणं वेगळं. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते पेटायला तयारच असतं. हवेत दीड टक्का वाफ मिसळली तरी पुरते. ती हवेपेक्षा जड असल्याने उडून न जाता इंजिनच्या खाली साठते. आणि तिथे काय काय असतं? तापलेला एक्झॉस्ट, अल्टरनेटरचे ब्रश, रेडिएटरचा पंखा, एखादी तडकलेली प्लगची वायर. यातल्या कुठल्याही जागी ठिणगी पडू शकते.

पण याहून वाईट गोष्ट त्या व्हिडिओवाल्याच्या ध्यानातच आलेली नाही. लीक असलेलं इंजिन बऱ्याचदा लीन चालतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. लीन मिश्रण सावकाश जळतं. कधीकधी पुढचा इनटेक व्हॉल्व उघडेपर्यंत ते जळतच असतं आणि ज्योत उलटी मॅनिफोल्डमध्ये येते. फटकन आवाज होतो तो हाच. म्हणजे ज्या गाडीत मागे ज्योत येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच गाडीच्या त्याच फटीवर तुम्ही पेट्रोलचा धुरळा उडवताय, तोंड वाकवून, कान देऊन. फवारा पेटला तर आग बाटलीच्या, म्हणजे तुमच्या हाताच्या दिशेने येते. त्यावर घाबरून पाणी ओतलं की जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. भाचा 20 वर्षांचा आहे. घरात दुसरं कुणी नव्हतं.

साबणाच्या पाण्याने निदान कुणी भाजणार नाही. पण चालू इंजिनला मॅनिफोल्डच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. फट असेल तर ती पाणी आत ओढेल, बुडबुडा बाहेर कुठून येणार? सायकलच्या ट्यूबला बुडबुडे येतात कारण आत दाबून हवा भरलेली असते. इंजिन बंद करून आत हलका दाब दिला तर साबण उपयोगी पडतो. नुसतं साधं पाणीही चालू इंजिनच्या सांध्यावर बारीक शिंपडता येतं: फट क्षणभर बुजते आणि आयडलिंग बदलतं. वायरी आणि सेन्सर सोडून मारायचं, एवढंच.

माझा खरा आग्रह मात्र वेगळा आहे. पॅकिंगला हात लावायच्या आधी लीक तिथेच आहे हे सिद्ध करा. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना स्वस्तातला स्कॅनर जोडता येतो. त्यात फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर (ईसीयू) पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत आयडलिंगला ट्रिम 20-25 टक्के अधिक आणि 2500 आरपीएमला उतरून सरळ होत असेल, तर हवा कुठून तरी चोरून आत येतेय. कारण आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असतो. एकूण हवाच थोडी, त्यामुळे चोरहवेचा वाटा मोठा. रेस वाढली की तो वाटा नगण्य होतो. बऱ्याचदा सोबत पी 0171 हा (मिश्रण लीन असल्याचा) कोडही असतो. मग गाडी उभी ठेवून, हात पंख्यापासून लांब ठेवून, ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा), पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत नेणारा), पर्जचा (टाकीतली पेट्रोलची वाफ आणणारा) असा एकेक पाइप हलक्या हाताने दाबून बंद करा. ज्याला दाबल्यावर आयडलिंग सुधारतं तिथे लीक. यातूनही कळलं नाही तर धुराचं मशीन. आत हलक्या दाबाने धूर सोडतात आणि फट असेल तिथून तो दिसतो. भाच्याच्या गाडीत पीसीव्हीचा रबरी पाइप बुडाशी चिरलेला निघाला. पॅकिंग शाबूत होतं. व्हिडिओ ऐकून त्याने अख्खं मॅनिफोल्ड उतरवलं असतं.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधला कमी दाब मोजणारं मीटर) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला 17 ते 22 इंच (पाऱ्याचे) दाखवतं, आणि दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी होतं. महाबळेश्वरला काटा चार-साडेचार इंच खाली दिसला म्हणून पॅकिंग बदलायला धावू नका.

ग्राइंडरच्या चकतीबद्दल मला जास्त बोलायची गरज नाही, कारण जनरल मोटर्सने 00-06-01-012 या क्रमांकाच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये नेमकं हेच करू नका म्हणून बजावलंय. चकतीतून ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड सुटते, ती ऑइलमध्ये जाते, फिल्टरला ती अडवता येत नाही आणि बेअरिंग खाल्ली जातात. पॅकिंगचं काम केलं आणि काही दिवसांनी इंजिन आवाज करायला लागलं, तर संशय तिथे जायला हवा. हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) भोकांमध्ये स्वच्छ फडकं कोंबा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, चिवट असेल तर पॅकिंग रिमूव्हर लावून थांबा. मग सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पत्र्यांनी) पृष्ठभाग वाकलाय का ते बघा. वाकलेल्या मॅनिफोल्डला नवं पॅकिंग काही करू शकत नाही.

सिलिकॉनच्या बाबतीत एवढं खरं की काही व्ही आकाराच्या इंजिनांत, जिथे हेड आणि ब्लॉक एकत्र मिळतात त्या कोपऱ्यांत, कंपनीच थोडं सिलिकॉन लावायला सांगते. आपल्या तीन-चार सिलिंडरच्या सरळ इंजिनांत तसा कोपराच नसतो. प्लास्टिक मॅनिफोल्डच्या खाचेतलं रबरी सील कोरडंच बसवायचं असतं. सिलिकॉन लावलं की ते घसरतं. शिवाय पेट्रोल लागून सिलिकॉन फुगतं, तुकडा सुटून आत ओढला जातो, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन असेल तर त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो.

आणि अंगातला जोर! एम 8 (8 मिमी जाडीच्या) बोल्टला प्लास्टिक मॅनिफोल्डवर साधारण 20 न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात बघा. 25 सेंटिमीटरच्या पान्यावर ते जेमतेम आठ किलोचं वजन झालं. त्यात कुणी पाइप घालून आवळलं की हेडचे ॲल्युमिनियमचे आटे जातात किंवा मॅनिफोल्डचा कान तडकतो, आणि थोडक्यातलं काम हेड उतरवण्यावर जातं. इंजिन थंड असताना, मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा. रेंच नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा.

लीक राहिल्याने मायलेज वाढत नाही. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत ईसीयूला दाब वाढलेला दिसतो, तो पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत मिश्रण लीन होतं, मग तिथेही तो पेट्रोल वाढवून सावरतो. सावरता आलं नाही तर मिसिंग होतं (सिलिंडरमधलं मिश्रण नीट पेटत नाही) आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. डिझेलचं तर सोडाच. टर्बो डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये जोर दिल्यावर टर्बोचा दाब असतो, हवा बाहेर फुसकते. तिथे हा उपाय लागूच नाही.

काम झाल्यावर गाडी पूर्ण तापू द्या, जुना कोड पुसा आणि आयडलिंगचा ट्रिम पुन्हा बघा. तो शून्याच्या आसपास यायला हवा. अजूनही 20 वरच असेल तर पॅकिंग नीट बसलेलं नाही, नाहीतर लीक पहिल्यापासून दुसरीकडेच होता. पाइपांपासून पुन्हा सुरुवात करा.