झिंकची गोळी, कळण्याची भाकरी आणि तूरडाळ

भैय्याने पिशवीतून तीन वस्तू काढून ओट्यावर मांडल्या: पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, झिंकच्या कॅप्सूल आणि व्हिटॅमिन डीच्या पुड्या. घरात सगळ्यांना सर्दी-खोकला, पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून इम्युनिटी वाढवायची. आमचा कट्टा जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावातला, चहाच्या टपरीसमोरचा. तिथे अशी वस्तू बाहेर निघाली की ती नानांच्या हातात जातेच. नाना विज्ञानाचे मास्तर होते. त्यांनी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं.

"एका गोळीत हजार मिलिग्रॅम. गरज किती माहीत आहे? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला ८०, बाईला ६५. बाकीचं कुठे ठेवशील?"

"शरीर ठेवेल ना साठवून."

"नाही ठेवत. एवढा मोठा डोस घेतला की निम्मंसुद्धा आतड्यातून आत जात नाही, आणि गेलेलं जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. ज्याला मुतखड्याचा त्रास आहे त्याने तर याच्या वाटेलाच जाऊ नये."

भैय्याही तयारीचा. म्हणाला, दोन नोबेल मिळालेला लायनस पॉलिंग काय वेडा होता का? १९७० पासून तो माणूस सांगत होता, सी भरपूर घ्या, सर्दी होणार नाही.

"दोन नोबेल खरी," नाना म्हणाले. "१९५४ चं रसायनशास्त्राचं, १९६२ चं शांततेचं. सर्दीचं एकही नव्हतं. त्याच्या म्हणण्यावर पुढे पुष्कळ चाचण्या झाल्या. रोज सी घेणाऱ्या सामान्य माणसाला सर्दी तितक्याच वेळा होते. ती जरा लवकर आटोपते, मोठ्यांची साधारण ८ टक्क्यांनी, लहानांची १४ टक्क्यांनी. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीतला अर्धा दिवस. आणि नाक वाहायला लागल्यावर गोळी सुरू केली तर फायद्याचा भरवसा नाही. फरक पडला तो मॅरेथॉन पळणारे, बर्फावर स्की करणारे, कडाक्याच्या थंडीत राहणारे सैनिक यांच्यात. त्यांची सर्दी निम्म्यावर आली. तू यातला कोण?"

बापूंना राहवलं नाही. त्यांची केळीची बाग आहे, आणि केळीवर बोलायची संधी ते सोडत नाहीत. "आरे भो, गोया कसाले? केया खा. बठ्ठं भेटस." म्हणजे गोळ्या कशाला, केळी खा, सगळं मिळतं.

इथे नानांनी बापूंनाही सोडलं नाही. शंभर ग्रॅम केळ्यात सी जेमतेम नऊ मिलिग्रॅम, तेवढ्याच पेरूत दोनशेच्या वर. बापूंचा चेहरा पडला. मग नानांनीच सावरलं: केळ्यात बी-६ चांगलं असतं, आणि पांढऱ्या पेशी वाढायला, अँटिबॉडी म्हणजे जंतूंशी लढणारी द्रव्यं तयार व्हायला ते लागतंच. शिवाय केळ्याने सर्दी होते ही समजूत खोटी, सर्दी विषाणूने होते. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आपल्याच गावात आजारी पोराच्या हातातून केळ काढून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. त्यांचा प्रश्न झिंकवर होता. "ते तर आपण मक्याला टाकतो. माणसाला कसाले?"

हा प्रश्न मला आवडला, कारण याची गोष्ट मोठी आहे आणि ती थेट आपल्या भाकरीपर्यंत येते. बिहारचा आनंद प्रसाद नावाचा डॉक्टर इराणमध्ये शिराझला काम करत होता. तिथे त्याच्याकडे २१ वर्षांचा एक रुग्ण आला, दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा. वाढ खुंटलेली, रक्त कमी. खाणं बहुतेक बिनआंबवलेली रोटी, आणि शिवाय तो माती खायचा. १९६१ साली प्रसाद यांनी अशा रुग्णांविषयी लिहिलं आणि त्यामागे झिंकची कमतरता असावी असा अंदाज मांडला. माणसाला झिंक कमी पडू शकतं हे तोवर कोणी धरतच नव्हतं. पुढे कळलं की झिंक कमी पडलं की छातीतली थायमस ग्रंथी आकसते आणि टी-पेशी नीट तयार होत नाहीत. म्हणजे जंतूंशी लढणारं सैन्यच भरती होत नाही.

गहू, ज्वारी, बाजरी, डाळी या सगळ्यांत झिंक आहे. पण सोबत फायटेट नावाचं द्रव्य आहे, ते झिंक आणि लोह धरून ठेवतं, शोषू देत नाही. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट तुटतं. आता आपल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आठवा. ज्वारी भिजत घालायची, आंबू द्यायची, आंबूस वास सुटला की भरडून लसूण-तीळ घालून शिजवायची आणि उन्हात खाटेवर थापायची. बायांनी हे चवीसाठी आणि टिकण्यासाठी केलं असेल, पण झिंकची गाठ त्यात आपोआप सुटते. आणि कळण्याची भाकरी: ज्वारीत सालीसकट काळे उडीद घालून दळायचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा गरजेचा घटक कमी, उडदात भरपूर. एकाची उणीव दुसरा भरतो. अँटिबॉडी म्हणजे शेवटी प्रथिनंच, अपुऱ्या प्रथिनांवर त्या कशा घडतील? भैय्याच्या घरी आता कळणा आठवड्यातून एकदाही होत नाही, हे त्यानेच कबूल केलं.

"आणि हे झिंक महिनोन् महिने जास्त घेतलंस," नाना म्हणाले, "तर शरीरात तांबं कमी पडतं, आणि तांबं कमी पडलं की पांढऱ्या पेशीच घटतात. ज्यासाठी घेतोय तेच कमी. मोठ्या माणसाने दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये."

व्हिटॅमिन डीवर मात्र नानांचा आवाज चढला. भैय्याने विचारलं होतं, "ही पुडी रोज एकच ना?"

"रोज? साठ हजार युनिट आहेत त्यात! गरज दिवसाला सहाशेची. एक पुडी म्हणजे शंभर दिवसांचं. डॉक्टर रक्त तपासून आठवड्याला एक देतात, तीही ठरावीक आठवडे. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. अति झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, तहान, शेवटी मूत्रपिंडावर बेततं."

भैय्याने पुड्या मुकाट्याने पिशवीत टाकल्या. आप्पांना हे पटेना, की एवढं ऊन असलेल्या खान्देशात डी कमी पडेलच कसं. पण दुकानात बसणारा माणूस आणि दिवसभर चुलीपाशी असलेली बाई, यांच्या अंगाला ऊन लागतं कुठे? काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही.

एवढ्यात ताई आल्या. त्या आशा सेविका आहेत, मेडिकलमध्ये आल्या होत्या. भैय्याने त्यांनाच पंच केलं. ताईंनी आपली पिशवी उघडली आणि भैय्या ओरडलाच, "बघा! यांच्याकडे पण झिंकच्याच गोळ्या!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, या जुलाब लागलेल्या लेकरांसाठी आहेत. ओआरएससोबत वीस मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस. सहा महिन्यांच्या आतल्याला निम्मी. दोन दिवसांत जुलाब थांबले की आया गोळी बंद करतात, तिथेच माझं भांडण. पुढचे दिवस दिली तर पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाबही कमी होतात." व्हिटॅमिन एचंही त्यांनी सांगितलं: नवव्या महिन्याला गोवरच्या लसीसोबत पहिला डोस, दुसरा सोळा ते अठराव्या महिन्यात, पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. ए कमी पडलं की डोळेच जातात असं नाही, श्वासनलिकेचं आणि आतड्याचं आतलं अस्तर कमकुवत होतं आणि जंतूंना वाट मिळते.

"म्हणजे गोळीने इम्युनिटी वाढते," भैय्या अडून बसला.

"जिथे खड्डा आहे तिथे भरते," मी म्हणालो. "तुझ्या ताटात पेरू, दूध, डाळ सगळं आहे. खड्डा दुसऱ्याच्या ताटात आहे आणि डबे तुझ्या पिशवीत."

माझं म्हणणं एवढंच होतं आणि आजही आहे. याचा सगळ्यात भक्कम पुरावा झारखंडचा. २०१९ ते २०२२ या काळात तिथे टीबीच्या रुग्णांच्या घरच्या दहा हजारांहून जास्त माणसांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांतल्या माणसांना दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या टीबीत तर ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी. तांदूळ आणि डाळ! कुठल्या जाहिरातीत ऐकलंय हे?

आप्पा गप्प होते, मग म्हणाले, "आपल्याकडे वर सातपुड्यात काय वेगळं आहे?"

"वर कशाला," ताई म्हणाल्या, "माझ्याच भागात बघा. बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. डाळीचं पाणी उरतं, वरून चहा. जेवणावर चहा घेतला की भाजीतलं लोहही नीट लागत नाही. लिंबू पिळलं तर लागेल, पण लिंबू पाहुण्याला." अंड्याचा विषय निघाला तेव्हा आप्पांनी माळेला हात लावला. ताईंनी आग्रह केला नाही, फक्त सांगितलं की बी-१२ भाजीपाल्यात नसतं, अंडं नको तर दूध-दही रोज पाहिजे.

भैय्याने विचारलं, टीबीच्या रुग्णाला सरकार पैसे देतं ना? देतं, पोषणासाठी महिन्याला हजार रुपये. नोव्हेंबर २०२४ च्या आधी पाचशे होते. पण हजारात घरातल्या बाकीच्यांची डाळ येत नाही, आणि ती माणसं त्याच खोलीत झोपतात.

"मग आपण द्यायची," बापू म्हणाले. "माझी तूर घरचीच शे."

ताईंनी सांगितलं, सरकारच्या टीबीविरुद्धच्या मोहिमेत नि-क्षय मित्र, म्हणजे रुग्णाला मदत करणारा, म्हणून कोणालाही नाव नोंदवता येतं, किमान सहा महिने पोषणाची टोपली द्यायची. रुग्णाची संमती लागते, आणि त्याचं नाव कट्ट्यावर घ्यायचं नाही. मग हिशोब सुरू झाला. बापू तूरडाळ देणार, आप्पा शेंगदाणे आणि तेल, नाना नोंदणीचं मोबाइलवरचं काम बघणार. भैय्याने डब्यांची पावती काढून रक्कम वाचली आणि तेवढ्यात दोन घरांची महिन्याची डाळ येते का, हे बापूंना विचारलं. बापू म्हणाले, माझ्या भावात येते. ताईंनी दर महिन्याच्या पाच तारखेला टोपली पोचली पाहिजे असं बजावलं, कारण एक महिना देऊन पुढचा चुकवला तर काही उपयोग नाही.