चोराच्या उलट्या बोंबा

आमच्या शनिवारच्या टोळीत मी चोर आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवायच्या खेळातला, म्हणजे सनदशीर चोर. कमरेला हत्यारांची थैली, अंगात चपळाई, आणि कुलूप दिसलं की सगळ्यांनी माझ्याकडे बघावं एवढी माफक अपेक्षा. बघतातही. मग मी फासा टाकतो आणि ते बघायचं थांबतात.

गणित सांगतो. तिसऱ्या लेव्हलला माझ्या चपळाईचे 3, शिकलेल्या कामाचे 2, त्यात विशेष पारंगत म्हणून आणखी 2, झाले 7. बऱ्यापैकी कुलपाला 15 लागतात. वीस बाजूंच्या फाशावर 8 पडले की दार उघडलं. माझ्या हातून पडतात 3. बालपणापासून चोरबाजारात उमेदवारी केलेला माणूस घाम गाळत कडीशी झटतोय, आणि मागून आमचा जादूगार (एरवी हा लोकांची जीएसटी रिटर्न भरतो) पेन्सिलीने कान खाजवत म्हणतो, "राहू दे रे, मी नॉक मारतो." नॉक म्हणजे त्याचा कुलूप उघडायचा मंत्र. ना फासा, ना घाम. कुलूप उघडतं.

कागदावर यालाही किंमत आहे. या लेव्हलला त्याला नॉकसारखे दुसऱ्या दर्जाचे मंत्र दिवसाला दोन-तीनदाच मारता येतात. अदृश्य होणं आणि कोळ्यासारखं भिंत चढणंही त्यातच बसवायचं. (ही दोन्ही कामंसुद्धा माझीच होती, पण ते असो.) शिवाय नॉकचा दणका 300 फुटांवर ऐकू जातो. म्हणजे आमच्या जिन्यात भांडण झालं तर कोपऱ्यावरच्या वाण्याला कळावं, तसं. माझी तार मात्र दिवसभर, कितीही कुलपांना चालते. चोराच्या बाजूने हा एकच काय तो दमदार मुद्दा, आणि तो टोळीला घाई असेल तरच लागू पडतो. आमच्या टोळीला घाई नाही. मंत्र संपले की भुयारातच पथाऱ्या पडतात. आठ तास झोपलं की मंत्र परत. अशी झोप चोवीस तासांत एकदाच धरतात, म्हणून उरलेला वेळ आम्ही भिंतीला टेकून काढतो. ज्या राक्षसाने उद्या गाव जाळायचं ठरवलंय, तोही बिचारा परवावर ढकलतो.

आणि दणका? तो आमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, दर वेळी विसरतो. मागच्या खेपेला शेवटी मीच ओरडलो, "आवाज झाला! तीनशे फूट!" आपल्याच टोळीवर पहारेकरी बोलावणारा चोर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. गोब्लिन आले, तिघे. जादूगाराने स्लीप मारून तिघांनाही आडवं केलं. मी घोरणाऱ्यांचे खिसे तपासले. खिशांना कुलपं नव्हती.

दुखणं जुनंच आहे. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी खेळ काढला तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि पुरोहित होते. चोर 1975च्या पुरवणीत आला, म्हणजे जन्मतःच पंगतीला उशिरा. 1978च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडायची शक्यता 25 टक्के, आणि फसला तर वरची लेव्हल गाठेपर्यंत त्या कुलपाला पुन्हा हात लावायचा नाही. 2008च्या चौथ्या आवृत्तीत कुणाला तरी दया आली. नॉकसाठी दहा मिनिटं घालवायची, वर पदरचं सोनंही मोडायचं. मला ती आवृत्ती फार प्रिय. पण सगळी पात्रं सारखीच वाटतात म्हणून लोकांनी बोंब मारली, आणि 2014 साली पाचव्या आवृत्तीत जादूगारांना त्यांचं संस्थान परत मिळालं.

माझी कुरकुर ऐकून डीएमने गेल्या शनिवारी जादूला दाद न देणारं दार ठेवलं. जादूगार हात चोळत बसला. मी बाह्या सरसावल्या, थैली उघडली, तार निवडायला घेतली, आणि लढवय्याने लाथ घातली.

आता येत्या शनिवारी नवा भिडू येतोय. बार्ड घेणार म्हणतो, म्हणजे शाहीर. नियम काढून पाहिले. शाहिराला तिसऱ्या लेव्हलला माझ्यासारखी विशेष पारंगतता मिळते आणि नॉकही घेता येतो. शिवाय तो गातो.