डबीतल्या दोन रिकाम्या क्लिपा

परवा एका नव्या व्हिडिओ गेमची डबी उघडली. उजव्या बाजूला टपालाच्या तिकिटाएवढं कार्ड, डाव्या बाजूला प्लॅस्टिकच्या दोन क्लिपा. या क्लिपा गेमची पुस्तिका अडकवायला असतात. पुस्तिका अर्थातच नव्हती. डबीचा साचा जुनाच ठेवलाय, म्हणून क्लिपा येत राहतात आणि त्यांच्यात काही नसतं. भिंतीवरची तसबीर उतरवली आणि खिळा उपटायचा राहून गेला, तसं काहीतरी.

कार्ड कन्सोलमध्ये, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रात, सरकवलं तर पडद्यावर डाउनलोडची पट्टी. कार्डात गेम नव्हताच, फक्त किल्ली होती. डबीवर तसं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. अख्खी संध्याकाळ ती पट्टी सरकताना बघण्यात गेली.

फिजिकल की डिजिटल, म्हणजे गेम डबीत विकत घ्यायचा की इंटरनेटवरून उतरवायचा, हा वाद दर चार-सहा महिन्यांनी नव्याने पेटतो. एकीकडे कपाटभर डब्यांचे फोटो टाकणारे, दुसरीकडे "ठेवायला जागा कुठाय?" म्हणणारे. मी बरीच वर्षं पहिल्या गोटात होते. हल्ली कुठल्याच गोटात धड बसत नाही. का, ते लिहिते. लांबलंय, आधीच सांगून ठेवते.

लहानपणी आमच्याकडे कंट्रोलर दोन होते, पण चालणारा एकच, आणि तो दादाच्या हातात. मी धाकटी. माझ्या वाट्याला मॅन्युअल यायचं. दादा खेळायचा, मी शेजारी बसून पुस्तिका वाचायचे. इंग्रजी यथातथाच, त्यामुळे शब्दकोश मांडीवर. 'इन्व्हेंटरी' हा शब्द मला शाळेने शिकवलेला नाही. कोणतं बटण काय करतं, हे मला दादाच्या आधी पाठ असायचं. मला सगळ्यात आवडायची ती शत्रूंची यादी: प्रत्येकाचं एक चित्र, शेजारी दोन ओळी, कोण कशाला घाबरतो वगैरे. दादा कुठे अडकला की मान न वळवता म्हणायचा, "बघ गं, त्याचं काय लिहिलंय." मी बघायचे. तेवढ्यापुरता गेम माझ्या हातात असायचा.

त्यामुळे मॅन्युअलबद्दल बोलताना माझा तोल थोडा जातो, हे मान्य. पण फक्त आठवणींचा मामला असता तर एवढं लिहिलं नसतं.

त्या पुस्तिका शोभेसाठी दिलेल्या नव्हत्या. 'द लिजंड ऑफ झेल्डा'चं सोनेरी कार्ट्रिज (गेमची प्लॅस्टिकची कॅसेट) १९८७ मध्ये आलं, त्यात अख्खा गेम १२८ किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज फोनवर काढलेला एक साधा फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्या जागेत राज्य, गुहा, राक्षस, संगीत हे सगळं कोंबल्यावर गोष्ट सांगायला जागा उरणार कुठे? मग गोष्ट कागदावर गेली. नकाशाही कागदावर गेला, आणि तोही मुद्दाम अर्धवट: उरलेले चौकोन तुम्ही शोधून भरायचे. म्हणजे गेमचा निम्मा भाग कार्ट्रिजमध्ये आणि निम्मा खोक्यात असायचा.

त्याच पुस्तिकेतला एक किस्सा मला फार प्रिय आहे. मोठ्या कानांचा 'पोल्स व्हॉइस' नावाचा एक शत्रू आहे. त्याच्यापुढे लिहिलंय की त्याला मोठा आवाज सहन होत नाही. जपानी कन्सोलच्या दुसऱ्या कंट्रोलरला मायक्रोफोन होता, त्यात ओरडलं की हा खलास. अमेरिकेत विकलेल्या कन्सोलच्या कंट्रोलरला मायक्रोफोनच नव्हता. पुस्तिकेतली ओळ मात्र तशीच राहिली. त्यामुळे लोक बिचारे गेममधली बासरी त्याच्यापुढे वाजवत बसले. मारायचा होता बाणाने! चुकीच्या छापील ओळीनेसुद्धा माणसं इतकी वर्षं बोलत राहतील असं काहीतरी दिलं. पडद्यावर आपोआप उघडणाऱ्या सूचनेबद्दल असं कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

काही गेम्सनी तर कागद थेट खेळात ओढला. इन्फोकॉम ही कंपनी नुसत्या शब्दांवर चालणारे गेम करायची. १९८२ च्या 'डेडलाइन' या खुनाच्या तपासाच्या गेममध्ये सगळा मजकूर डिस्कवर मावेना, म्हणून खोक्यातच पोलिसी जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल आणि गोळ्यांची एक छोटी पुडी टाकली. तपास डिस्क घालण्याआधीच सुरू. 'स्टारट्रॉपिक्स' (१९९०) मध्ये एक पत्र मिळायचं, ते खरोखरच्या पाण्यात बुडवलं की त्यावर ७४७ हा आकडा उमटायचा, आणि तो घातल्याशिवाय गेम पुढे सरकत नसे. 'मेटल गिअर सॉलिड' (१९९८) मधलं एक पात्र सांगतं की रेडिओची फ्रिक्वेन्सी सीडीच्या डबीच्या मागे आहे. खेळणारा गेममधल्या सामानात ती डबी शोधत बसतो, आणि ती असते त्याच्या स्वतःच्या टेबलावर. १४०.१५. हे कळतं त्या क्षणी अंगावर काटा येतो, अजूनही येतो.

अर्थात या हुशारीची दुसरी बाजूही होती. पत्र हरवलं की संपलं. गेम भाड्याने आणणाऱ्याला डबीची मागची बाजू मिळेलच असं नाही. आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची १९९० ची पीसी आवृत्ती पहिल्या लेव्हलनंतर तुम्हाला बाटल्यांनी भरलेल्या खोलीत सोडायची: पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कुठलं? योग्य अक्षराची बाटली प्यायची. नक्कल करून गेम मिळवणाऱ्यांना अडवायची ही युक्ती. ज्यांच्याकडे पुस्तिका नव्हती ते तिथेच मेले, आणि त्यांच्याबद्दल मला फारशी दया येत नाही. (थोडी येते. सगळ्यांना विकत घेणं परवडत नाही.)

मग पुस्तिका का गेली? कोणी एकाने मारली असं नाही. डिस्क मोठ्या झाल्या, तसं शिकवणं गेमच्या आतच करता येऊ लागलं, आणि खरं सांगायचं तर ते बऱ्याचदा जास्त चांगलं असतं. उडी मारायला शिकायचं तर खड्ड्यासमोर उभं राहून शिकावं, पान १४ वाचून नव्हे. शिवाय पुस्तिका छापायला आधी पाठवावी लागायची आणि गेममध्ये शेवटपर्यंत बदल चालू असायचे, म्हणून चित्रात एक आणि पडद्यावर भलतंच. पॅच आणि अपडेट, म्हणजे विकलेल्या गेममध्ये मागाहून उतरवायच्या दुरुस्त्या, सुरू झाल्यावर तर छापलेलं वर्षभरात जुनं. त्यात छपाईचा खर्च. एप्रिल २०१० मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने जाहीर केलं की प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलांच्या गेम्समधून छापील मॅन्युअल बंद, कारण पर्यावरण. झाडं वाचत असतील तर मी कोण अडवणारी. पण गेमभोवतीची प्लॅस्टिकची डबी तशीच राहिली, हे लक्षात ठेवलंय.

उरलं काय तर एक घडी घातलेला कागद: लखलखत्या दिव्यांनी फिट येऊ शकते, डोळ्यांना विश्रांती द्या, वॉरंटीच्या अटी. अख्ख्या पुस्तिकेतलं फक्त वकिलाने लिहिलेलं पान टिकलं.

माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो. मॅन्युअल गेलं तेव्हा आपण त्याकडे सोय-गैरसोय म्हणून पाहिलं. पण त्या पुस्तिकेचा एक न बोललेला अर्थ होता: हा गेम खेळायला जे काही लागतं ते या खोक्यात आहे, बाहेर कुठे विचारायला जायची गरज नाही. खोका स्वतःपुरता पूर्ण होता. पुस्तिका काढली तेव्हा त्या पूर्णपणातला पहिला तुकडा निघाला. मग दुसरा: पहिल्या दिवशीचा अपडेट उतरवल्याशिवाय गेम धड चालेना. मग डबीत डिस्कऐवजी नुसत्या डाउनलोड कोडची चिठ्ठी यायला लागली. आणि २०२५ मध्ये निन्टेंडो स्विच २ या कन्सोलबरोबर आली ती 'गेम-की कार्ड': कार्ड दिसतं, घालावंही लागतं, पण गेम कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवायचा. बरी बाजू एवढीच की ते कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकता येतं. कोडच्या चिठ्ठीपेक्षा बरं. पण सर्व्हर एक दिवस बंद झाला की उरेल ती कुलूप नसलेली किल्ली.

म्हणून "मी फिजिकलच घेतो, माझा गेम कोणी काढून घेऊ शकत नाही" असं कोणी म्हटलं की मी हल्ली विचारते, तुझ्या डिस्कवर नक्की आहे काय? युबिसॉफ्टचाच 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा गेम. सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो सुरूच होत नसे, एकटं खेळायचं असलं तरी. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. ज्यांच्याकडे डिस्क होती तेही त्याच रांगेत, ज्यांनी डाउनलोड केला होता तेही. डिस्क शाबूत, ओरखडा नाही, आणि गेम नाही. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात त्यांच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: विकलेला गेम बंद करताना तो कसाबसा तरी चालेल अशा अवस्थेत सोडा.

डिजिटलवाल्यांची स्थिती याहून बरी नाही, पण निदान आता त्यांना खरं सांगितलं जातंय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की डिजिटल दुकानाने 'खरेदी करा' असं बटण ठेवायचं असेल तर ग्राहकाला परवाना मिळतोय, मालकी नाही, हे स्पष्ट सांगावं. त्याच सुमारास स्टीम या डिजिटल दुकानानेही पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. एक ओळ, बारीक अक्षरात. तिने कोणाचा निर्णय बदलला असेल असं वाटत नाही. माझा तरी नाही बदलला, त्याच रात्री मी दोन गेम घेतले.

आणि दुकानं बंद होतात. वी यू आणि थ्रीडीएस या निन्टेंडोच्या दोन कन्सोलांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. जे गेम फक्त तिथेच होते ते आता सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये हिशेब मांडला होता की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. यात बहुतेक सगळे डिस्क आणि कार्ट्रिजच्या जमान्यातले. म्हणजे प्लॅस्टिक असूनही ही गत.

मग मी डिजिटलच्या विरोधात आहे का? नाही, आणि म्हणूनच मला गोट सापडत नाही. दोन-तीन जणांनी मिळून केलेले छोटे गेम, जे डिस्कवर कधी छापलेच गेले नसते, ते मला डिजिटलमुळे मिळाले. अक्षरं मोठी करायची सोय कागदात नव्हती. माझ्या आताच्या डोळ्यांना ती लागते. आणि जीओजीसारखं दुकान जुना गेम विकताना कुलूप न लावलेली फाइल देतं, बरोबर मॅन्युअलची पीडीएफ. ती फाइल डिस्कवर उतरवून कपाटात ठेवा, इंटरनेट बंद करा, गेम चालतो. तो गेम पूर्ण आहे. माझ्या त्या टपाल-तिकिटाएवढ्या कार्डापेक्षा ही फाइल मला जास्त 'फिजिकल' वाटते. हवं तर हसा.

२०२२ मध्ये 'ट्यूनिक' नावाचा गेम आला. त्यात छोटा कोल्हा फिरत असतो आणि त्याला एका मॅन्युअलची सुटी पानं सापडत जातात. पानं अशा लिपीत की काही वाचता येत नाही, मधूनच एखादा ओळखीचा शब्द. चित्रं बघून, बाण बघून, कडेला पेनाने केलेल्या खुणा बघून अंदाज बांधायचा. सगळ्यांनी त्याला कोडं म्हणून वाखाणलं. मी पहिलं पान उघडलं आणि मांडीवरचा शब्दकोश आठवला. अर्धवट कळणारी पुस्तिका वाचणं हे मला अगदी ओळखीचं काम होतं. फक्त यावेळी कंट्रोलरही माझ्याच हातात होता.

शेवटी एकच सांगते. काही वर्षांपूर्वी मी 'मेट्रॉइड'ची जुनी कॅसेट कोणाकडून तरी वापरलेली घेतली, पुस्तिकेसकट. त्या गेममध्ये प्रगती साठवायची सोय नव्हती. थांबताना तो २४ अक्षरांचा पासवर्ड द्यायचा आणि तो तुम्ही उतरवून घ्यायचा. पुस्तिकेच्या शेवटी, कोऱ्या जागेत, पेन्सिलीने लिहिलेले तीन पासवर्ड होते. दोन खोडलेले, तिसरा तसाच. अक्षर लहान मुलाचं, शेवटी शेवटी घाई झालेलं. हाक मारली असणार. मी तो घातला. नाही चालला. एका जागी 'ओ' आहे की शून्य, ते कळेना. 'ओ'च्या जागी शून्य घातलं आणि गेम सुरू झाला. कुठल्याशा अनोळखी मुलाने गोळा केलेली शस्त्रं घेऊन मी गेमच्या नॉरफेअर या भागात उभी होते, ऊर्जा ३०.

तासभर खेळले. थांबताना आलेला नवा पासवर्ड त्याच्या खाली पेन्सिलीने लिहिला, आणि शून्यावर तिरकी रेघ मारली.