डॉक्टरच्या भुकेत लपलेला पुरावा

खुनाच्या सिनेमात विनोद आला की रहस्य पातळ होतं, असं आमच्या नागपुरातल्या धरमपेठच्या मित्रमंडळात कोणी ना कोणी म्हणतंच. मला हे अजिबात पटत नाही. राजेहो, एकदा ‘द केनेल मर्डर केस’ बघा. १९३३ चा हॉलिवूडपट, दिग्दर्शक मायकल कर्टिझचा, जेमतेम ७३ मिनिटांचा.

आर्चर को हा श्रीमंत, घरादाराशी वैर धरलेला माणूस आतून बंद असलेल्या बेडरूममध्ये खुर्चीत मेलेला सापडतो. हातात पिस्तूल. पोलिसांच्या लेखी आत्महत्या. युरोपला निघालेला गुप्तहेर फायलो व्हान्स बातमी कळताच प्रवास सोडून परत फिरतो. विल्यम पॉवेल काय सहज वावरलाय या भूमिकेत! आवाज चढवत नाही, हुशारी मिरवत नाही.

पण माझा जीव जडला तो पोलिसांसाठी प्रेतं तपासणाऱ्या डॉक्टर डोरेमसवर. एटिएन जिरार्डोने केलेला हा म्हातारा बिचारा धड जेवूच शकत नाही. घास घ्यायला जावं तर बोलावणं, की आला चिडचिड करत. आपण हसतो, आणि तेवढ्यात तो प्रेताबद्दल जे बोलून जातो ते कानाआड होतं. गोष्टीची किल्ली तर तिथेच असते! म्हणजे विनोद इथे तोंडी लावायला नाही, पुरावा उघड्यावर ठेवून लपवायला आहे. मूळ कादंबरीचे लेखक व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम लिहिले होते. पहिलाच नियम असा की कोडं सोडवायची संधी वाचकाला गुप्तहेराइतकीच मिळावी. सिनेमा तो मनापासून पाळतो.

दाराचंही तसंच. बाहेरून आतली कडी कशी सरकली, हे व्हान्स टाचणी आणि दोरा घेऊन समोर करून दाखवतो. आमच्या महाल भागातल्या घरी पोरांनी लगेच दोरा आणून जुन्या दाराच्या कडीवर प्रयोग सुरू केले, बाबाही त्यांच्यात जाऊन बसले. आणि दाराचं कोडं सुटलं तरी खुनी हाती लागत नाही, ही तर खरी गंमत.

चिनी आचाऱ्याशी पोलिस ज्या सुरात बोलतात ते मात्र खटकलं, आज तसं कोणी लिहू नये.

आत्ताच्या कितीतरी रहस्यपटांत शेवटच्या दहा मिनिटांत अचानक एखादा जुना भाऊ उगवतो आणि तोच खुनी निघतो. आधी त्याचा मागमूसही नसतो. ही प्रेक्षकाची फसवणूक आहे, मग पार्श्वसंगीत कितीही दणदणीत असो. बघितलात की सांगा, तुमचा संशय कोणावर होता. खुन्याचं नाव तेवढं इथे लिहू नका.